चारशे बारा गुणांचा गुन्हा

१

पडद्यावर ४१२ हा आकडा थिजला होता. डॉक्टरबाईंनी यंत्राला आडवी-उभी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती, जणू फ्रॅक्चर यंत्रालाच झालं होतं.

"यात कोणीतरी हात घातलाय," त्या मला म्हणाल्या. "कोणी, ते शोधा. पाच वाजता वही समितीकडे जाते."

घड्याळात साडेबारा वाजले होते.

हे हात दुखावलेल्यांचं उपचार केंद्र. कोणाचा हात यंत्रात सापडलेला, कोणाचा झटक्याने लुळा पडलेला. एका बंद पडलेल्या खेळघरातून विटा फोडायचं जुनं यंत्र इथे आलं आणि औषधापेक्षा जास्त उपयोगी पडलं. पडद्यावर वर विटांच्या आठ ओळी, खाली एक छोटी फळी, मधे चेंडू. नॉब फिरवला की फळी डावी-उजवीकडे सरकते. चेंडू फळीवर झेलायचा, वर पाठवायचा, विटा फोडायच्या. तीन चेंडू गेले की डाव संपला. नॉब फिरवताना मनगट हलतं, बोटं हलतात आणि पेशंटला व्यायाम करतोय असं वाटतच नाही. प्रत्येकाचे गुण डॉक्टरबाई वहीत लिहितात, पुढे शेरा मारतात.

त्या यंत्राची देखभाल माझ्याकडे. शाळेत मला कोणी विजेचं काही शिकवलं नाही. जे येतं ते शॉक खाऊन आलेलं आहे. केंद्रात मला मिस्त्रीणबाई म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण माझं तोंड फाटकं आहे.

"तीन महिन्यांत इथे कोणी दीडशेच्या वर गेलेलं नाही," डॉक्टरबाईंनी वही आपटली. "आणि हा क्रेनवाला, जो नव्वद ओलांडत नव्हता, तो आज सकाळी पहिल्याच नंबराला चारशे बारा करतो? आकडा मी स्वतः पाहिला. लगेच सगळ्यांना बाहेर काढलं आणि यंत्राला पट्टी गुंडाळली."

"तो खेळला तेव्हा तुम्ही खोलीत होतात?"

"मी बाहेर एकाची पट्टी सोडत होते. आत त्याची बहीण होती."

उद्या सकाळी तिघांची समिती ठरवणार होती, क्रेनवाल्याने पुन्हा क्रेनवर बसायचं की नाही. लबाडीचा शेरा गेला असता तर विषय कायमचा संपला असता. दुसरं काही काम त्या माणसाला येत नव्हतं.

"आणि बाई," मी बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "तुमच्यावर माझा संशय नाही असं समजू नका. यंत्र उघडता तुम्हालाच येतं."

२

क्रेनवाला मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. उजव्या मनगटावर शिवणीची लांब खूण. शेजारी त्याची थोरली बहीण, मांडीवर डबा, डबा उघडलेलाच नाही.

"आलात? बेड्या आणल्यात का?" तो म्हणाला. "सैल आणा, हात नाजूक आहे."

"ताईंनी खेळून दिलं का तुमच्या नावाने?"

"ताईने?" तो हसला. "ताईला मोबाईलवर फोन कट करता येत नाही. फोन ठेवायचा म्हणून चार्जर काढते."

"एकदाच झालं होतं ते," बहीण पुटपुटली.

"मग चारशे बारा कसे?"

त्याने मला समजावून सांगितलं आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा माणूस नुसता खेळत नाही, खेळ वाचतो. चेंडू फळीच्या मध्यावर पडला तर सरळ वर जातो. टोकावर पडला तर तिरका सुटतो. म्हणजे कुठे मारायचं हे चेंडू ठरवत नाही, फळी ठरवते. अडाणी माणूस चेंडूच्या मागे धावतो आणि खालच्या एकेक गुणाच्या विटा फोडत बसतो. जाणता माणूस उजव्या कडेला एकच भोक पाडत नेतो. एकदा चेंडू त्या भोकातून भिंतीच्या वर गेला की छत आणि विटा यांच्यामध्ये तो आपला आपण आपटत राहतो. वरच्या विटा सात-सात गुणांच्या. आपण खाली नुसतं बघायचं.

"हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," तो म्हणाला. "पण उजवीकडे फळी न्यायला गेलो की ती सुसाट पुढे. जरासं फिरवावं तर वीतभर पळते. डॉक्टरबाई म्हणायच्या, हात निसटतोय. क्रेनवर मी लोखंडाचा गर्डर दोन बोटांच्या फटीत बसवलाय हो. वाटलं, गेला तो हात. रोज रात्री त्याच्याकडे बघून शिव्या घालायचो." तो थांबला. "आज सकाळी नॉब धरला आणि फळी माझं ऐकायला लागली. का, ते मला ठाऊक नाही. पण माझ्या हाताने ऐकलं, एवढं लिहा."

"यंत्रात कोणी काही केलं असेल असं वाटत नाही तुम्हाला?"

"भोंगेकाका म्हणत होते, नॉबची चाल वाकडी आहे. तुम्हालाच म्हणाले ना? तुम्ही त्यांना झापलंत म्हणे."

झापलं होतं. भोंगेकाका म्हणजे जन्मभर लाउडस्पीकर भाड्याने देणारे गृहस्थ. झटक्याने डावा हात गेला, म्हणून ते इथे येतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मला थांबवून नॉबबद्दल काही सांगितलं आणि मी म्हणाले, "काका, तुम्ही भोंगे सांभाळा, यंत्र मी सांभाळते." ते हसले होते. नंतर मी ते विसरूनही गेले.

"तुम्ही काल आला होता केंद्रात?" मी बहिणीला विचारलं.

"नाही. घरी होते."

तिने उत्तर प्रश्न संपायच्या आधी दिलं.

३

खोलीत जाऊन मी चिकटपट्टी कापली आणि मागचं झाकण काढलं.

लबाडी करायची तर आत तीन छोटे खटके आहेत. एक चेंडू हळू करतो, एक फळी रुंद करतो, एक तीनच्या जागी पाच चेंडू देतो. तिन्हींवर माझ्या मागच्या भेटीनंतर साचलेली धूळ होती, तशीच, बोट न लागलेली. म्हणजे खेळ सोपा केलेला नव्हता.

नॉबच्या मागे पत्र्याच्या डबीसारखा गोल भाग असतो. आम्ही त्याला पॉट म्हणतो. नॉब फिरला की पॉटमधून विजेचं माप बदलतं आणि त्या मापावर फळीची जागा ठरते. मी मीटर लावून नॉब फिरवला. एका टोकाला शून्य. दुसऱ्या टोकाला पूर्ण. मधोमध बरोबर निम्मं. यंत्र ठणठणीत होतं.

मनात म्हटलं, झालं. क्रेनवाला खरा, डॉक्टरबाई उगाच वैतागल्या, मी चहा पिऊन घरी जाते.

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात मला पॉटचे तीन जोड दिसले. माझी एक सवय आहे. सोल्डर केलेल्या, म्हणजे कथिल वितळवून झाळलेल्या प्रत्येक जोडावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका देते, म्हणजे उद्या कोणी म्हणालं हे तुमचं काम नाही, तर तोंडावर दाखवता येतं. तीन महिन्यांपूर्वी जुना पॉट झिजला म्हणून मीच नवा बसवला होता. तीन जोड, तीन ठिपके.

एकही ठिपका नव्हता.

जोड चकचकीत होते, गुळगुळीत, माझ्यापेक्षा सुबक. मला ते आवडलं नाही. मी पॉट उलटा करून पाहिला. पत्रा जुना, कडेला घासलेला.

मी बसवलेला पॉट गायब होता. त्याच्या जागी दुसराच बसला होता.

४

आता डॉक्टरबाईंचं म्हणणं खरं ठरत होतं. कोणीतरी हात घातला होता. हे असंच सांगितलं असतं तर क्रेनवाला संपला असता. का घातला हे कोणी विचारलं नसतं.

मी वही मागितली. डॉक्टरबाईंनी ती माझ्यासमोर अशी ठेवली की जणू मी तिची पानं खाणार होते.

मी मागे मागे जात राहिले. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत पेशंटचे गुण दोनशे, अडीचशे, एका न्हाव्याचे तीनशे दहा. मग एका तारखेपासून सगळे एकदम कोसळलेले. त्या तारखेपासून प्रत्येकापुढे एकच शेरा: उजवीकडे हात निसटतो.

"डॉक्टरबाई, या शिंपीणबाई. यांचा कुठला हात?"

"डावा."

"हे ड्रायव्हर?"

"उजवा. का?"

"आणि भोंगेकाका दुखरा हात हलावा म्हणून डाव्याने नॉब फिरवतात. डाव्या हातवाल्यांचा हात उजवीकडे निसटतो, उजव्या हातवाल्यांचाही उजवीकडेच निसटतो. अकरा माणसं, अकरा दुखणी, आणि निसटायची बाजू एकच?"

त्यांनी वही स्वतःकडे ओढून पानं उलटली. मग म्हणाल्या, "पेशंट नेहमी यंत्रालाच दोष देतात. मी ऐकायचं सोडून दिलंय."

"मीही," मी म्हणाले. ती तारीख कुठली होती हे मला वही न बघताही आठवत होतं, पण तेव्हा मी ते बोलले नाही. भ्याले.

मी पुन्हा अंगणात गेले. बहिणीने आता डबा उघडला होता आणि भावाला घास देत होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींच्या टोकांवर डाळीएवढे दोन पांढरे फोड होते. समोरासमोर.

"हे काय लागलं?"

"चहाचं पातेलं."

"पातेल्याने अख्खं बोट भाजतं, ताई. चिमटीच्या टोकावर असे दोन ठिपके एकाच कामात येतात." मी माझी चिमूट तिच्यापुढे धरली. माझ्या दोन्ही बोटांच्या टोकांवर जुने घट्टे आहेत. "दुसरा माणूस सोल्डर करत असताना आपण तार धरायची. तारेतून चटका येतो आणि सोडता येत नाही, कारण सोडली तर जोड बिघडतो. तुम्ही सोडली नाहीत."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. क्रेनवाल्याचा घास तोंडातच राहिला.

"ताई? तू?"

"मला वाटलं, सांगितलं तर तुलाच बाद करतील," ती म्हणाली. "आणि काकांनी सांगितलं होतं, कोणाला बोलायचं नाही."

पण "काका" हा शब्द ऐकायच्या आधीच मला माणूस कळला होता. जोड मुरलेल्या हाताचे होते. असा माणूस तार धरायला दुसऱ्याला बोलावत नाही. एका हातात तार धरतो, दुसऱ्या हाताने काम करतो. ज्याला दुसरा हातच नाही, तोच बोलावतो.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

भोंगेकाकांच्या घरात बसायला जागा कमी आणि भोंगे जास्त. कर्ण्यासारखे मोठे भोंगे एकात एक घालून भिंतीला टेकवलेले. काका खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. बोलणं त्यांचं झटक्यानंतर संथ झालंय, पण खोडी गेलेली नाही.

"ये पोरी. भांडायला आलीस की रडायला?"

"माझा पॉट द्या."

त्यांनी टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं. आत माझा पॉट होता, तीन लाल ठिपक्यांसकट.

"मीटर आणलंयस ना? टोकं नको मोजू. ती तू मोजली असशीलच. मधे मोज."

मी पॉट निम्मा फिरवून मीटर लावलं. निम्मं यायला हवं होतं. आलं एक दशांश.

मी पुन्हा फिरवला. तेच. अर्ध्या फेरीपर्यंत माप जेमतेम सरकत होतं आणि पुढच्या अर्ध्यात धावत सुटत होतं. खोलीत रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं आणि मी तिसऱ्यांदा पॉट फिरवत होते.

"आवाजाच्या बटणाचा पॉट आहे हा," काका म्हणाले. "कानाला आवाज बेताबेताने वाढतोय असं वाटावं म्हणून तो असाच बनवतात. आधी रेंगाळतो, मग पळतो. भोंग्याला चांगला. फळीला नाही. पहिल्या दिवशी नॉब धरला तेव्हाच हाताला ओळख पटली. पन्नास वर्षं तेच तर फिरवलं."

मला सगळं आठवलं. तीन महिन्यांपूर्वी हवा तसा पॉट दुकानात नव्हता. माझ्या खणात रेडिओच्या सामानात त्याच मापाचा एक पडला होता. मी दोन्ही टोकं मोजली. बसवला. फळी डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत गेली हे पाहिलं, ठिपके दिले आणि निघाले. मध्य मोजला नाही. एक चेंडूही खेळले नाही.

तीन महिने अकरा माणसं माझ्या आळसाची किंमत स्वतःच्या हाताला शिव्या घालून भरत होती.

"आणि तुम्ही बसवलेला?"

"माझ्या ॲम्प्लिफायरचा. डाव्या-उजव्या भोंग्यात आवाज सारखा वाटून द्यायचं बटण. त्याला मध्य कळावाच लागतो, नाहीतर अर्धा मांडव बहिरा आणि अर्धा झोपलेला." ते हसले. "काल दुपारी जावई न्यायला यायला उशीर होता. खोलीत कोणी नव्हतं, सामान पिशवीतून आणलंच होतं. त्या पोराची बहीण औषध न्यायला आली होती, तिला म्हटलं, तार धर. धीराची बाई. हूं की चूं केलं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

मी मीटरच्या तारा गुंडाळायला लागले. माझ्याकडे सहसा उत्तर असतं.

"डॉक्टरबाईंनाही सांगितलं," ते म्हणाले. "त्या हसल्या. मग वाटलं, नुसता बोभाटा करून काय होणार? तुझं काम जाईल, आणि पोराची तपासणी दोन दिवसांवर आलेली. यंत्र नीट झालं की झालं. तो एका दिवसात चारशे करेल हे मला काय माहीत? मला वाटलं, दीडशे-दोनशे करेल, कोणाच्या डोळ्यात येणार नाही. हावरटपणा केलान."

मी पॉट मुठीत घट्ट धरून उभी राहिले. मला रागावायचं होतं. माझ्या यंत्राला हात लावला म्हणून, गुपचूप लावला म्हणून. राग येईचना. एका हाताच्या माणसाने माझी चूक काढली, दुरुस्त केली, आणि मला शरम वाटू नये म्हणून तिच्यावर पांघरूण घातलं. माझ्याशी असं कोणी वागल्याची मला सवय नाही.

"काका," मी म्हणाले आणि मनगटाने डोळे पुसले.

"जा आता. पाचला वही जाते ना? नंतर रड."

६

चार वाजता मी डॉक्टरबाईंच्या टेबलावर पॉट आणि मीटर ठेवलं.

"यंत्रात हात घातला होता," मी म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी. मी."

मी त्यांनाच पॉट फिरवायला लावला आणि मीटरचा काटा दाखवला. हुशार बाई, दोनदाच फिरवला.

"म्हणजे हे सगळे शेरे..." त्यांनी वहीवर हात ठेवला.

"खोटे. तुमच्या अक्षरात, माझ्या चुकीने."

"तुमचं काम जाऊ शकतं, कळतंय ना?"

"जाऊ दे. हे लिहून घ्या, मी सही करते. आणि काका तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही हसलात, मी त्यांना झापलं. तेही लिहायचं तर माझी ना नाही."

त्या लाल झाल्या. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी खुर्ची मागे सारली. "बोलवा त्याला. माझ्यासमोर खेळू दे. जे होईल ते वहीत जाईल. कमी झालं तरी."

क्रेनवाला यंत्रासमोर बसला. मागे डॉक्टरबाई, बहीण, मी. पहिला चेंडू त्याने सहा विटांत घालवला. दुसरा चेंडू बरा चालला, मग विटांवर आपटून वेग वाढला आणि फळीच्या टोकाला चाटून खाली गेला. पंचावन्न.

"घाबरलोय," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "असं मागे उभं राहून कोणी क्रेन चालवून घेत नाही."

"मग आम्ही बसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि खरंच फरशीवर बसल्या. आम्हीही बसलो. तिघी बायका मांडी घालून.

तिसरा चेंडू. त्याने तो तीनदा मधोमध झेलला, नुसता श्वास घ्यायला. मग नॉब केसभर सरकवला आणि चेंडू फळीच्या काठावरून तिरका उजव्या कोपऱ्यात गेला. एक वीट. पुन्हा तिथेच. दुसरी. चेंडू जोरात होता, पण फळी त्याच्याआधी पोचलेली असायची. आठव्या ओळीची कडेची वीट फुटली आणि चेंडू भोकातून वर नाहीसा झाला.

मग वरून आवाज यायला लागला, छत आणि विटा यांच्यामध्ये टपटप टपटप, न थांबणारा. वरच्या ओळी आपोआप विरघळत होत्या. क्रेनवाल्याने नॉबवरून हात उचलला आणि तो हात डोळ्यांपुढे धरून पाहिला, तळवा, पाठ, पुन्हा तळवा.

डाव संपला तेव्हा तीनशे एकाहत्तर झाले होते. डॉक्टरबाईंनी गुण लिहिले, तीन महिन्यांचे शेरे एकेक करून खोडले आणि पानाखाली आपली सही केली. त्याखाली मी केली. पाचला तीन मिनिटं कमी होती.

"मला माफ करा," मी क्रेनवाल्याला म्हणाले.

"म्हणजे त्या सगळ्या शिव्या तुमच्या होत्या होय!" तो म्हणाला. "आणि मी फुकट हाताला घातल्या."

"घाला आता. ऐकते."

"आता नको. आता खूश आहे. उगाच वाया जातील."

७

समितीने त्याला क्रेनवर बसायला हरकत नाही असं लिहून दिलं. माझं काम राहिलं, कारण डॉक्टरबाईंनी वरच्यांना कळवलं की स्वतःची चूक मीटर लावून दाखवणारी मिस्त्रीण त्यांना दुसरी मिळणार नाही. अकरा जणांपैकी चौघं केंद्र सोडून गेली होती. त्यांच्या दारात मी स्वतः गेले. शिंपीणबाईंनी दार माझ्या तोंडावर लावलं. चार दिवसांनी त्या केंद्रात दिसल्या, नॉब धरून. माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

भोंगेकाकांना मी विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? ते म्हणाले, दर मंगळवारी येऊन माझी जुनी मशिनं दुरुस्त कर, तार मी धरतो. आता दर मंगळवारी आमची भांडणं होतात. मी जिंकत नाही.

परवा मी बंदराच्या फाटकाशी गेले. आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघितलं. उंच केबिनमध्ये तो ठिपक्याएवढा दिसत होता. क्रेनच्या हुकाला काचेच्या तावदानांची पेटी लटकत होती. पेटी वाऱ्याने एकदा डुलली, तो थांबला, डुलणं थांबू दिलं, मग खाली आणू लागला. ट्रकच्या फळ्यांवर ती टेकली तेव्हा खाली उभ्या दोन हमालांनी आधी हुक सोडला, मग एकमेकांकडे पाहिलं, कारण टेकल्याचा आवाजच झाला नव्हता.

"काही म्हणालात का बाई?" फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं.

म्हणाले होते, त्या उजव्या हाताला, 'शाब्बास'. रखवालदाराला वेडी वाटेन म्हणून मी नाही अशी मान हलवली आणि पुढच्या पेटीची वाट बघत तिथेच उभी राहिले.